भूम ते लोहारा, चंद्रामागून

कळंबला आमचं मंडपाचं दुकान आहे. लग्नसराई सरली की खांब, सतरंज्या, स्पीकर सगळं गोदामात पडून राहतं. म्हणून माझ्या मिस्टरांनी, विलासनी, पुण्यातून एक जुना तारांगणाचा घुमट विकत आणला. काळ्या जाड कापडाचा, पंख्यानं हवा भरून फुगवायचा. फुगला की शाळेच्या दोन वर्गांएवढा होतो. आत जायला कापडाचीच, तोंडाला चेन असलेली बोगद्यासारखी वाट, तिच्यातून वाकून, जवळजवळ रांगत शिरायचं. मध्ये प्रोजेक्टर, आणि डोक्यावरच्या गोल छतावर आकाश. गाडी, पंखा, वायरी हे विलास बघतात. बोलायचं काम माझं, कारण मी विज्ञानाची पदवी घेतली आहे आणि लग्नाआधी काही वर्षं शिकवतही होते.

आम्ही दाखवतो ती फिल्म मुकी आहे. माणसं पहिल्यांदा पृथ्वी सोडून चंद्राकडे गेली, तेव्हाची. चंद्रावर ती उतरली नव्हती, नुसत्या फेऱ्या मारत होती. तिघं जण. त्यांनी काढलेल्या फोटोंवरून कुणीतरी ती तयार केली आहे. सुरुवातीला पृथ्वी सगळं छत भरून असते, ढग अगदी अंगावर आल्यासारखे. मग ती लहान होऊ लागते. परातीएवढी, ताटलीएवढी, लिंबाएवढी. आजूबाजूला काळं, इतकं काळं की डोळे त्यात काहीतरी शोधत राहतात आणि काही सापडत नाही.

मला त्या जागी भीती वाटते. घुमट पहिल्यांदा फुगवून आम्ही दोघांनी घराच्या मागच्या मोकळ्या जागेत ती फिल्म पाहिली, तेव्हा मी खालची सतरंजी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. विलासना वाटलं मला उकडतंय, म्हणून ते पंखा वाढवायला गेले. पुढे मी कित्येक शाळांमध्ये ती दाखवली, कुठे काय बोलायचं ते पाठ झालं, पण पृथ्वी लिंबाएवढी झाली की तळहातांना घाम येतो तो येतोच.

विज्ञान सप्ताहात भूम आणि लोहारा, अशा आमच्या जिल्ह्याच्या दोन टोकांच्या शाळांनी बोलावलं. परत आल्यावर कळंबात जो तो विचारतो, "कसा झाला दौरा?" विलास म्हणतात, "बरा झाला." मीही तेच म्हणते. पण तेवढ्यानं भागत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

भूम

आमच्याकडचं वाशी सोडलं की माळावर पवनचक्क्या दिसू लागतात. आमच्या पिकअपला त्या कधी डावीकडून, कधी उजवीकडून सोबत करतात. फेब्रुवारीतच सगळा माळ पिवळा पडला होता. ज्वारीची काढणी चालू होती आणि रस्त्याकडेला कडब्याच्या गंजी उभ्या राहत होत्या. कळंबच्या बाजूला निदान उसाचा हिरवा पट्टा मधूनमधून डोळ्याला लागतो, इथं तोही नाही. एका ठिकाणी चहाला थांबलो तर वाऱ्यानं बशीतला चहा उडवून माझ्या साडीवर घातला. विलास हसले, पण लगेच वर बघून म्हणाले, "असला वारा असला तर घुमटाला जादा दोऱ्या बांधाव्या लागतील."

भूमला बाजाराचा दिवस होता. खव्याच्या भट्ट्यांचा वास रस्त्यापर्यंत येत होता. आमच्याकडे पाहुण्यापुढे चहा-पोहे ठेवतात, इथल्या शिक्षकांनी आधी हातावर गरम खव्याचा गोळा ठेवला आणि मग नाव विचारलं. गोड खाऊन बोलायला उभी राहिले, त्यामुळे पहिला खेळ झकास झाला.

दुसऱ्या खेळाला तिसरी-चौथीची मुलं होती. पृथ्वी लहान होत गेली तशी कुजबुज थांबली. माझ्या पायाशी एक मुलगी बसली होती, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. तिनं हळूच विचारलं, "बाई, माजी आई कुठंय त्यात?"

"तिथंच आहे की," मी म्हणाले.

"आन मी?"

"तू पण तिथंच. आपण सगळे तिथंच."

तिनं हात वर केला, एक डोळा मिटला आणि अंगठा पृथ्वीसमोर धरला. छतावरची पृथ्वी तेव्हा एवढीशीच होती. अंगठ्यामागे गेली. "गेली!" असं ती एकदम ओरडली आणि रडायला लागली. नुसतं मुसमुसणं नव्हे, पोटातून येणारं रडं. बाकीची मुलंही अंगठे धरून बघू लागली आणि आणखी दोघं-तिघं रडू लागली. मी दिवा लावला, फिल्म थांबवली.

बाहेर तिच्या वर्गशिक्षिकेनं मला सांगितलं, "तिचे आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेत. दसऱ्यापासून आजीजवळ ऱ्हाती. आता रोज इचारील, आई हाय का गेली म्हणून."

"मी काही चुकीचं बोलले का?"

"न्हाय हो. तुमी बरोबरच सांगितलं." पण बाईंचा चेहरा काळजीत होता.

खव्याची चव तोंडातून गेली होती. मुलीला जवळ घेऊन मी म्हणाले की फोटो लांबून काढला की सगळं लहान दिसतं, आई होती तेवढीच आहे. तिनं मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती.

लोहाऱ्याकडे

दुसऱ्या दिवशी धाराशिव, तुळजापूर मागे टाकून पूर्वेला निघालो. मध्ये टायर पंक्चर झालं, त्यात सकाळ गेली. मातीचा रंग काळा होत गेला आणि बोलीही बदलली. पंक्चर निघेपर्यंत न्याहारीला बसलो, तर हॉटेलवाल्यानं गल्ल्यावरून पोराला कानडीत काहीतरी सांगितलं आणि आम्हाला मराठीत विचारलं, "पुंडी चालंल का?" आली तर आमची अंबाडीची भाजी, फक्त तिखट आणि लसणाची फोडणी दुप्पट. सोबत पातळ, पापडासारखी कडक भाकरी. आमच्याकडे भाकरी मऊ नसली तर सासू बोलते, इथं कडक नसली तर बोलत असेल.

आम्हाला जायचं होतं ते लोहारा तालुक्यातलं गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं. गावाचं नाव लिहीत नाही. त्र्याण्णव साली मी लहान होते. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे कळंबला मांडणीवरची भांडी वाजली, आईनं मला उचलून अंगणात आणलं, एवढंच आठवतं. पुढे कितीतरी दिवस आम्ही अंगणात झोपलो, आणि मला त्याची गंमतच वाटली होती. इकडे काय झालं ते मोठं झाल्यावर कळलं.

गाव बघून पहिल्यांदा वाटतं, ही सरकारी कॉलनी असावी. सरळ रस्ते, एकसारखी बुटकी घरं, दोन घरांत इतकं अंतर की शेजारणीला हाक मारायची तर ओरडावं लागेल. कळंबात आमच्या गल्लीत एकीच्या फोडणीला दुसरी शिंकते. मुख्याध्यापक बिराजदार सर म्हणाले, "नवीन पोरांना हेच आपलं गाव वाटतंय. जुन्या माणसांना अजून इथं पाहुण्यावानी वाटतंय."

पटांगणात आम्ही घुमट पसरला, पंखा लावला. काळं कापड हळूहळू उठायला लागलं तसा शाळेच्या कुंपणाबाहेर माणसांचा घोळका जमला. त्यातला एकच म्हातारा आत आला. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे. कापडाला हात न लावता तो घुमटाभोवती एक पूर्ण चक्कर मारून माझ्यापाशी आला.

"हे काय, तंबू हाय?"

"तारांगण आहे, आप्पा. आत आकाश दिसतं."

"आकाश तर हितं बी दिसायलंय."

"आत वेगळं आहे. चंद्राजवळनं आपली पृथ्वी कशी दिसते ते दाखवतो."

त्याचा चेहरा बदलला. "पहिल्यांदा गेलती माणसं, ते?"

"व्हय, तेच. तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्या दुकानात रेडू व्हता. जुन्या गावात. म्या पोरगा व्हतो, एवढा." त्यानं कमरेएवढा हात धरला. "गाव जमलं व्हतं ऐकायला. बा म्हनला, शिवा, त्यान्ला आपली धरती दिसायली बग वरून. चेंडूवानी."

एवढं बोलून तो कडुनिंबाखाली जाऊन बसला.

जेवताना बिराजदार सरांनी त्याची हकिकत सांगितली. शिवमूर्ती आप्पा, किराणा दुकानदार. भूकंपात माळवदाचं, मातीच्या जाड छताचं घर बसलं तेव्हा ते धान्याच्या पोत्यांत अडकले. एक तुळई पोत्यांवर टेकली म्हणून जगले. भिंतीच्या पलीकडे त्यांची आई होती. ती बराच वेळ बोलत होती. ते इकडून तिला बाहेर ये म्हणत होते. मग तिचा आवाज थांबला. दुपारी जवानांनी आप्पांना काढलं. बायको आणि लेक माहेरी गेल्या होत्या म्हणून वाचल्या.

"तेव्हापासून ते छताखाली झोपत नाहीत," सर म्हणाले. "पावसाळ्यातसुद्धा ओसरीच्या कडेला. दुकान पत्र्याचं, तिन्ही बाजूंनी उघडं. एकदा पोरीच्या लग्नात कार्यालयात आत या म्हणून लई विनवलं, अक्षता बाहेरूनच टाकल्या."

माझा घास हातातच राहिला. मी खिडकीतून पाहिलं. पटांगणात आमचा घुमट पूर्ण फुगून उभा होता, काळाभोर. मला तो एकाएकी आवडेनासा झाला.

घुमट

वरच्या वर्गांचा पहिला खेळ नीट झाला. मी बोलत असताना मला जाणवत होतं की बोगद्याच्या तोंडाशी, बाहेर, कुणीतरी उभं आहे. मुलं बाहेर पडली आणि लहान वर्गांची रांग लागली, तेव्हा आप्पा पुढे आले.

"म्या येतो आत."

बिराजदार सर गडबडले. "आप्पा, ऱ्हाऊ द्या. कशाला?"

"येतो म्हनलं ना."

विलासनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणायला हवं होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. म्हातारा माणूस स्वतःहून एवढं मोठं पाऊल टाकत होता. त्याला अडवायचा मला काय हक्क, असं तेव्हा वाटलं. मी बोगद्याचं कापड वर धरलं. आप्पांनी टोपी काढून काखेत धरली, गुडघे टेकले आणि रांगत आत आले. त्यांचा श्वास मला पंख्याच्या आवाजातही ऐकू येत होता. ते दारापाशीच बसले, कापडाची कड मुठीत धरून. त्यांच्याजवळ पहिलीतली दोन मुलं बसली, ओळखीची असावीत, कारण त्यांनी आप्पांच्या धोतराला टेकून घेतलं.

मी दिवा घालवला. पृथ्वी उजळली तशी मुलांनी एकसाथ "आऽऽ" केलं. मी बोलत गेले. पृथ्वी लहान होत गेली. चंद्र जवळ आला, खड्ड्यांनी भरलेला, राखेच्या रंगाचा. मी सांगितलं की आता यान चंद्राच्या मागे जातंय. तिकडून रेडिओ चालत नाही. ते तिघं कुणाशी बोलू शकत नाहीत आणि त्यांचं काही आपल्याला ऐकू येत नाही. थोड्याच वेळात चंद्राच्या कडेवरून पृथ्वी उगवणार आहे.

इथे मी नेहमी थोडा वेळ गप्प राहते. मुलांना ती शांतता कळावी म्हणून. तशीच गप्प राहिले. अंधार होता, आणि फारच शांत वाटत होतं. मला क्षणभर बरंही वाटलं, की आज मुलं किती गुंगून गेली आहेत. मग लक्षात आलं, पंख्याची घरघर थांबली आहे. प्रोजेक्टरही बंद पडला आहे. अंधार फिल्ममधला नव्हता. लाइट गेली होती.

"उषा!" बाहेरून विलासांचा आवाज आला. "जनरेटर लावतो! घाबरू नको!"

तसं घाबरायचं काही नसतं. लाइट गेली की घुमट हळूहळू बसतो, कापड अंगावर येतं, मुलं हसत बाहेर पडतात. हे मला माहीत होतं. म्हणून मी मोबाईलची बॅटरी लावली आणि तिथंच चुकले. उजेडात सगळ्यांना ते काळं छत खाली येताना दिसलं. मध्यभागी ते खोल पोटासारखं लोंबत होतं, आणि खाली खाली येत होतं.

एक मुलगा किंचाळला. मग सगळीच. मी उजेड जमिनीकडे वळवला, ओरडले, "खाली बसा! कापड आहे! एकेक जण बाहेर!" पण सगळी एकदम दाराकडे गेली, बोगद्याची चेन कुठेतरी ओढली गेली आणि अर्ध्यावर अडकली. पुढची मुलं त्या कापडावर हात मारू लागली, मागची त्यांना ढकलू लागली. बाहेर जनरेटरची दोरी ओढल्याचा आवाज येत होता, फर्र, फर्र, आणि तो सुरू होत नव्हता.

मग त्या गोंगाटात एक आवाज आला. मोठ्या माणसाचा, घशातून फाटलेला. "अव्वा! अव्वा, होरग बा! होरग बा!"

मला कानडी येत नाही. पण अव्वा म्हणजे आई, एवढं कळतं, आणि पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती.

मी प्रोजेक्टरचं स्टँड पकडलं, उंच केलं आणि कापडाखाली खांबासारखं उभं केलं. तेवढ्यात बाहेरून विलासनी कात्रीनं बोगद्याजवळचं कापड फाडलं आणि उन्हाची एक फट आत आली. "इकडं! इकडं या!" मुलं त्या फटीतून एकामागोमाग बाहेर पडू लागली. मी एका हातानं स्टँड धरून दुसऱ्या हातानं त्यांना ढकलत होते. घुमट हळूहळू रिकामा झाला.

आप्पा राहिले होते. ते जमिनीवर पालथे पडले होते, आणि त्यांच्या अंगाखालून छोटे पाय बाहेर आलेले दिसत होते. त्या दोन मुलांना त्यांनी आपल्या छातीखाली घेतलं होतं, दोन्ही हात त्यांच्या डोक्यांवर, आणि सगळा भार त्यांच्यावर टाकून ते ओरडत होते. मुलांचा आवाज येत नव्हता.

माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही. स्टँड सोडून दिलं, कापड आमच्यावर आलं. मी रांगत गेले, त्यांच्या खांद्याला धरून ओढलं. ते दगडासारखे. "आप्पा, सोडा! पोरं गुदमरतील!" त्यांनी पकड आणखी घट्ट केली. मी त्यांच्या हातावर मारलं. काही उपयोग नाही. शेवटी मी त्यांच्या शेजारी आडवी पडले, त्यांचा एक हात मनगटाला धरून बळेच वर ओढला आणि डोक्यावर आलेल्या कापडावर दाबला.

"हात लावून बघा. कापड आहे, आप्पा. नुसतं कापड. माती न्हाय. बघा, उचलतंय."

त्यांची बोटं कापडावर फिरली. एकदा, पुन्हा एकदा. त्यांनी चिमटीत धरून ते वर उचललं आणि सोडलं. मग त्यांचं अंग सैल पडलं. मुलं खालून निसटली, लाल चेहऱ्याची, घामानं चिंब, आणि श्वास मिळाल्याबरोबर भोकाड पसरून रडू लागली. ते रडणं ऐकून मला रडू आलं.

पटांगणात

बाहेर गावातल्या बाया धावत आल्या होत्या. त्या आपापली मुलं ओढून घेत होत्या, हातपाय चाचपत होत्या, पुन्हा पुन्हा मोजत होत्या. कुणाला खरचटण्यापलीकडे काही लागलं नव्हतं. पण एक बाई, त्या दोनातल्या एका मुलाची आई, सरळ माझ्यासमोर आली.

"आमच्याच गावात असलं का आनलंव? आमच्यात मेलेले कमी पडले व्हय तुमाला?"

बिराजदार सर मध्ये पडले. "अगं, लाइट गेली. त्यांचा काय दोष?" ती त्यांच्यावरही ओरडली आणि मुलाला कडेवर घेऊन निघून गेली. मी गाडीमागे जाऊन उलटी केली. जेवताना घुमट बघून अंगठ्याएवढी वाटलेली भीती आता सगळ्या अंगात भरली होती. कापड एवढं जड असतं का, मुलं खरंच गुदमरली असती का, हा विचार थांबत नव्हता.

विलास आले. त्यांच्या तळहाताची सालं जनरेटरच्या दोरीनं गेली होती. "गुंडाळतो. निघू."

"मी परत कधी बोलणार नाही यात," मी म्हणाले.

"नको बोलू. आधी पाणी पी."

आम्ही घुमटाच्या घड्या घालत होतो तेव्हा आप्पा आले. टोपी पुन्हा डोक्यावर, विभूती घामानं पुसलेली. ते कापडापासून लांबच उभे राहिले. मी हात जोडले.

"आप्पा, माफ करा."

त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "ऱ्हायलंच की माजं."

"काय?"

"तुमी म्हनलाव, आता धरती उगवनार. तवाच लाइट गेली. दावनार न्हाय व्हय?"

विलास म्हणाले, "आप्पा, घुमट फाटलाय. आन गावातली माणसं रागात हायेत."

"घुमट नगं मला. उगड्यावर दावा की."

मी नाही म्हणणार होते. पण तो माणूस कापडाजवळ यायला अजून धजत नव्हता आणि तरी तो मागत होता. विलास गाडीत चढले आणि लग्नात व्हिडिओ दाखवायचा पांढरा पडदा शोधू लागले.

संध्याकाळ

सूर्य मावळला तसा शाळेच्या भिंतीवर पडदा लावला. लाइट परत आली होती. विलासनी साधा प्रोजेक्टर लावला, सरांनी खुर्ची आणली, पण आप्पा बसले नाहीत. उभेच राहिले, मागे हात बांधून. वर उघडं आकाश होतं. हळूहळू कुंपणापाशी माणसं जमली. बायाही आल्या, मुलांना घट्ट धरून, लांबच. दुपारची ती बाईही मला त्यांच्यात दिसली.

मला वाटलं होतं मी बोलू शकणार नाही. दोन-तीन वाक्यं अडखळले. पुढं शब्द आपोआप येत गेले. चंद्राची राखाडी कड पडद्यावर आली. मी सांगितलं की पहिल्या फेऱ्यांत ते तिघं खालचे खड्डेच बघत होते. वर बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मग एका फेरीत यान वळलेलं असताना त्यांना ती दिसली.

कडेवरून निळा तुकडा वर आला. अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. वर येत येत मोकळा झाला.

आप्पा दोन पावलं पुढं गेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही कशावर ठिवलीय?"

"कशावरच न्हाय, आप्पा."

"कुनी धरलेली बी न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी मान खाली घातली, पायाखालच्या मातीकडे पाहिलं, अंगठ्यानं ती जरा उकरली. पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"मग हालली तर काय नवल."

ते रागानं म्हणाले नाहीत. हिशेब जुळल्यासारखंही म्हणाले नाहीत. मला तरी त्या बोलण्याची भीतीच वाटली, कारण ते खरं होतं आणि मी इतके दिवस तेच मुलांना गोड करून सांगत होते.

फिल्म संपली. विलासनी पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहू दिला. लोक निघायच्या बेतात होते, तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "त्या तिगांचं काय झालं?"

"म्हणजे?"

"आमाला पुढलं कळलंच न्हाय कधी. नंतर चंद्रावर उतरले म्हून ऐकलं, पर ते दुसरे गडी. हे तिगं, पहिले. ते आले का मागारी?"

मी कुठल्याच शाळेत तो भाग सांगत नाही. फिल्म पृथ्वी उगवते तिथंच संपते. मी सांगू लागले. परत यायला त्यांच्याजवळ एकच इंजिन होतं. ते चालू झालं नसतं तर तिघं चंद्राभोवती फिरत राहिले असते, कायमचे. आणि ते चालू करायचं होतं चंद्राच्या मागे असताना, जिथून कुणाला काही सांगता येत नाही. इकडे पृथ्वीवर सगळे नुसते वाट बघत बसले होते. इंजिन लागलं की नाही, यान बाहेर आल्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं.

कुंपणापाशी कुणी हालत नव्हतं.

"आन मग? लागलं?" आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला.

"लागलं, आप्पा. यान बाहेर आलं, बोलणं सुरू झालं. तिघंही परत आले."

"घरला?"

"घरला."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग मागे वळले आणि अंधारात उभ्या असलेल्या बायांकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "आले म्हनं गं. तिगं बी जिते आले."

दुपारी माझ्यावर ओरडलेली ती बाई पुढं आली, पडद्यासमोर पोराला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, "बाई, पयल्यापासनं लावा."